बियाण्याच्या डब्यातली डिस्क

आमच्या दूध संस्थेतल्या पहिल्या कॉम्प्युटरला आवाज होता. बटण दाबलं की आत काहीतरी अडखळत घरघरायला लागायचं. काकू त्या पेटीजवळ कान नेऊन उभी राहायची. घरघर एकसारखी झाली की मागे वळून म्हणायची, "उठला." मग बायका आपापल्या किटल्या पुढे सरकवायच्या आणि सकाळचं दूध घेणं सुरू व्हायचं.

काकू म्हणजे माझी चुलती. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती आणि काकू तिची सचिव होती. माझे आई-बाबा दरवर्षी कोयता घेऊन साखर कारखान्याकडे ऊसतोडीला जात, म्हणून मी काकूकडेच वाढले. काकूची शाळा सातवीत सुटली होती. आधीची पुरुषांची संस्था भांडणात बुडाली, तेव्हा बायकांनी ही काढली. कॉम्प्युटर आला त्या दिवशी पारावरचा एकजण मोठ्याने म्हणाला होता, "आता त्याला बी हळदीकुंकू लावा." काकूने खरंच लावलं. पुढे कितीतरी दिवस त्या पेटीच्या कपाळावर, म्हणजे बटणाच्या वर, लाल ठिपका होता.

काम साधं होतं. काट्यावर वजन, मशीनवर फॅट, दोन्ही आकडे आपोआप कॉम्प्युटरमध्ये, आणि बाजूच्या छोट्या प्रिंटरमधून पावती. पावतीवर बाईचं नाव. नवऱ्याचं नाही, तिचं. ही गोष्ट मला तेव्हा विशेष वाटली नव्हती. आता वाटते. दुधाचा टँकर आठ वाजायच्या सुमारास फाट्यावर यायचा. काकू रस्त्याच्या कडेला उभी राहून हात वर करायची, ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. टँकर थांबायचा म्हणून आमची संस्था होती, असं म्हटलं तरी चालेल.

मी बारावी होऊन नगरला कॉलेजात गेले त्या वर्षी हा कॉम्प्युटर बिघडला. घरघरीऐवजी टकटक ऐकू यायला लागली. आमच्याकडे धूळ कायमची, आणि वीज दिवसातून किती वेळा झटका देऊन जाते ते सांगता येत नाही. काकू पेटी मांडीवर घेऊन एसटीने आष्टीला गेली. मी सुट्टीवर होते, तिच्याबरोबर गेले. स्टँडमागच्या गल्लीत एका मिस्त्रीचं दुकान आहे. त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, हा इन्व्हर्टर, प्रिंटर, मोबाइल, जे येईल ते करतो. काकू त्याला भाई म्हणते, तो तिला भाभी.

त्याने पेटीतली डिस्क काढून वायरीला जोडली आणि माझ्या कानाला लावली. "ऐक बेटा. आतली तबकडी घासतीय. हिचा जीव चालला." सुदैवाने त्याला आतला सगळा हिशेब बाहेर काढता आला. मग त्याने खोक्यातून एक चपटी, हलकी वस्तू काढली. खिशातल्या पाकिटाएवढी. नवी सॉलिड स्टेट डिस्क घ्यायची ऐपत संस्थेची नव्हती, पण ही वापरलेली होती.

"ही पुण्याच्या मोठ्या कंपनीत चाललेली हाय, भाभी," तो म्हणाला. "तिथं काही वर्षं झाली की चांगला माल बी काढून टाकतेत. मग तो फिरत फिरत आमच्यापत्तुर येतो. पण घरगुती न्हाई. धंद्याचा माल हाय. हिच्यात फिरणारं कायच न्हाई. पाडा, हलवा, धूळ जाऊ द्या, हिला फरक न्हाई."

मी तेव्हा पहिल्या वर्षाला होते. वर्गात आम्हाला एवढं सांगितलं होतं की आता सगळीकडे हीच येणार, तबकडीवाली जाणार. मला बरं वाटलं. पुण्याच्या मोठ्या ऑफिसात जी होती तीच आता आमच्या गावात. आपण फार मागे नाही, असं काहीतरी मनात आलं.

नवी डिस्क बसल्यावर कॉम्प्युटर बटण दाबताच सुरू व्हायला लागला. बायका खूश झाल्या. काकूला मात्र ते पटेना. कान लावून उभी राहायची आणि विचारायची, "ह्याचा आवाज कावून येत न्हाई?" मी सांगायचे की आत फिरणारंच काही नाही, तर आवाज कशाचा येईल. ती हो म्हणायची आणि तरी पेटीवर हात ठेवून बघायची, ताप आलेल्या पोराच्या अंगावर ठेवतात तसा.

दोन वर्षं चांगली गेली. मग पाऊस गेला.

दुष्काळ आमच्याकडे एकदम येत नाही, टप्प्याटप्प्याने येतो. आधी हिरवा चारा संपला. मग विहिरींनी तळ दाखवला, मग कडबा मिळेना. संस्थेत येणाऱ्या किटल्या कमी झाल्या. आधी ज्या बाया घागर भरून आणायच्या त्या तांब्या आणायला लागल्या, आणि तांब्या आणायची लाज वाटून काहीजणी येईनाशा झाल्या. चारा छावणी उघडली तेव्हा गावातली बहुतेक जनावरं तिकडे गेली, आणि जनावरांमागे माणसं. गाव अर्धं कोयत्यावर, अर्धं छावणीवर. टँकर फाट्यावर थांबायचा तो आता पाण्याचा.

आमचं दूध घेणाऱ्या दूध संघाने संस्था "तात्पुरती बंद" करून घेतली. काटा आणि फॅट मशीन संघाची माणसं सील करून घेऊन गेली. खोलीची वीज तोडून घेतली, कारण बंद खोलीला ती कशाला. त्या खोलीत पेंडेची पोती रचली गेली. कॉम्प्युटर तेवढा आमचा होता. तो काकूने घरी आणला.

हे सगळं होताना मी नगरला होते, त्यामुळे पुढचं मी फोनवर ऐकलं. पेटी तिने गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. पण चोरी झाली तर काय, उंदरांनी आत घर केलं तर काय, म्हणून मिस्त्रीने दाखवलं होतं तसे दोन स्क्रू काढून डिस्क वेगळी केली. "जीव ह्यात हाय म्हणाला हुता न्हवं तो," ती म्हणाली. आणि जीव असलेली वस्तू आमच्या घरात जिथे जपतात तिथेच तिने ती जपली, म्हणजे बियाण्याच्या डब्यात.

आमच्याकडे बाजरीचं बियाणं ठेवायची रीत आहे. कणसं निवडून दाणे काढायचे, त्यांना कडक ऊन दाखवायचं. ओल राहिली तर बुरशी, ओल नसली तर किडा लागत नाही. मग कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याबरोबर पत्र्याच्या डब्यात भरायचं, झाकण शेणामातीने लिंपायचं, आणि डबा वर, पत्र्याखालच्या फळीवर ठेवायचा. तिथे इतकी गरमी असते की कुठलाच जीव टिकत नाही. बी तेवढं टिकतं. दुष्काळ कितीही लांबला तरी त्या डब्याला घरातलं कुणी हात लावत नाही.

काकूने डिस्कला चार दिवस ऊन दाखवलं. ब्लाऊजपीसच्या फडक्यात पाला घालून गुंडाळली, आणि बाजरीत पुरून डबा लिंपला. मागच्या दुष्काळात हाच कॉम्प्युटर, तबकडीवाल्या डिस्कसकट, असाच वर फळीवर ठेवला होता आणि पाऊस पडल्यावर घरघर करत उठला होता. तेव्हा या वेळी शंका यायचं कारण नव्हतं. फोनवर ऐकून मलाही वाटलं की काकूने किती नीट विचार केला.

उन्हाळ्याच्या शेवटी आमच्या कॉलेजात पुण्याहून एक पाहुणे आले. मोठ्या कंपन्यांना डिस्क आणि सर्व्हर पुरवणाऱ्या एका कंपनीत ते काम करायचे. विषय होता धंद्याच्या कॉम्प्युटरसाठी साठवणुकीच्या बाजारात काय चाललंय. हॉल भरावा म्हणून सगळ्या वर्षांना बसवलं होतं. मी नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर.

ते चांगलं बोलत होते. पडद्यावर दोन रेषा होत्या, तबकडीवाल्या डिस्कची खाली जाणारी आणि सॉलिड स्टेटची वर चढणारी. पूर्वी एका खणात एकच आकडा ठेवायचे, मग दोन, मग तीन, आता चार कोंबतात, त्यामुळे स्वस्त झाली पण टिकाऊपणा घटला, असं त्यांनी सांगितलं. मला कारखान्यावरच्या आई-बाबांच्या कोपीची, एका पाचटाच्या झोपडीत दाटीने राहणाऱ्या माणसांची, आठवण आली. मग भावाची रेषा दाखवली. वर्षानुवर्षं खाली येत होती आणि शेवटी वर वळली होती. मोठमोठी डेटा सेंटर माल बनायच्या आधीच उचलतात, बनवणारे त्यांनाच आधी देतात, म्हणून छोट्या गिऱ्हाइकांनी आतापासून नियोजन करावं, असं ते म्हणाले. आमच्यापैकी कुणी काय नियोजन करायचं ते कळलं नाही, पण सगळ्यांनी लिहून घेतलं.

प्रश्न विचारा म्हणाले तेव्हा माझा हात अर्धाच वर गेला. मी तो खाली घेणार होते, पण त्यांनी पाहिला होता. उभी राहिले. वाक्य मनात तयार केलं होतं ते तोंडातून तसं आलं नाही. मी विचारलं, "सर, ही डिस्क... काढून ठेवली तर? वीज न देता. बरेच महिने?"

"कुठे ठेवली?" त्यांनी विचारलं.

"डब्यात. पत्र्याखाली. उन्हाळ्यात."

पुढच्या बाकांवर हसू उमटलं. ते हसले नाहीत. उलट, कुणीतरी आपल्या कामाचा प्रश्न विचारला याचं त्यांना बरं वाटलं असावं. त्यांनी सावकाश सांगितलं. यात लिहिलेलं म्हणजे कोरलेलं नसतं. प्रत्येक खणात विजेचा अगदी थोडा अंश कोंडून ठेवलेला असतो. वीज मिळत राहिली तर डिस्क स्वतःचं स्वतः सांभाळते. बंद ठेवली की तो अंश हळूहळू झिरपून जातो. उष्णतेत जास्त लवकर, आणि डिस्क वापरून झिजलेली असेल तर आणखी लवकर. घरगुती डिस्क त्यातल्या त्यात बरीच टिकते. धंद्याच्या दर्जाची जी असते, तिच्याकडून बंद अवस्थेत काही महिन्यांचीच अपेक्षा ठेवलेली असते.

मी अजून उभीच होते. विचारलं, "पण सर, ती तर जास्त चांगली ना? मग तिला कमी का?"

ते म्हणाले, "कारण धंद्याच्या कामाची डिस्क कुणी बंद ठेवतच नाही."

त्यांनी ते अगदी सहज सांगितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी पाहिलेल्या जगात तसंच असणार. मी खाली बसले. आमच्याकडे दुष्काळात धंदाच काय, गाव बंद होतं, हे त्यांना कसं सांगायचं आणि सांगून काय होणार, मला सुचलं नाही. काकूचा फोन लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मी गावाकडे गेले.

काकू दारात पाण्याच्या टँकरची वाट बघत बसली होती. मला पाहून आधी घाबरली, कारण मी न सांगता आले होते. मी जमेल तसं सांगितलं. तिने उठून शिडी लावली आणि डबा उतरवला. पत्रा इतका तापला होता की तिने पदराने धरला. लिंपण फोडून तिने कोपरापर्यंत हात बाजरीत घातला आणि फडक्याची पुरचुंडी बाहेर काढली. उलगडली. पाला अजून कडूशार वास मारत होता. डिस्क स्वच्छ, कोरडी.

"बघ," ती म्हणाली, "एक किडा न्हाई."

तिला वाटलं मी उगाच घाबरले होते. आणि मलाही त्या क्षणी वाटलं की असेलही तसं. इतक्या जपून ठेवलेल्या वस्तूतून काही कसं जाईल?

आष्टीला मिस्त्रीने डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली. आम्ही दोघी त्याच्या मागे उभ्या होतो. पडद्यावर डिस्कचं नाव आलं. काकूने माझा हात दाबला. मग एक चौकट उघडली, आणि तिच्यात विचारलं होतं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे का. हो किंवा नाही.

मिस्त्रीने माउसवरचा हात काढून घेतला.

"काय म्हणतंय?" काकूने विचारलं.

मिस्त्रीने डिस्क काढून पुन्हा लावली. वायर बदलली. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली. तिथेही तीच चौकट, तोच प्रश्न. मग त्याने कुठलं कुठलं सॉफ्टवेअर चालवलं. दुपार त्यात गेली. मधूनच पडद्यावर काही अक्षरं दिसायची, पण ती कुठल्याच भाषेतली नव्हती. शेवटी तो खुर्ची वळवून काकूकडे बघत म्हणाला, "सोताचं नाव तेवढं सांगतीय, भाभी. बाकी कायच आठवंना तिला."

त्याने पुण्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला फोन लावला. तो पलीकडून सांगत होता की तबकडीवाली असती तर उघडून काहीतरी वाचता आलं असतं, हिच्यात वाचायला शिल्लकच काही राहत नाही. फोन ठेवल्यावर मिस्त्री म्हणाला की त्याला हे माहीत नव्हतं. कुणी सांगितलं नाही, आणि इथे डिस्क इतके महिने बंद कुणी ठेवली नव्हती. दुसरी डिस्क देतो, जुनी तबकडीची, काही देऊ नका म्हणाला. काकूने नको म्हणून मान हलवली. "तुझं काय चुकलं भाई. आत काय भरू मी दुसरीत?"

परतीच्या एसटीत ती खिडकीला बसली होती. बाहेर सगळं करडं. तिने विचारलं, "ऊन दाखवलं म्हणून झालं का गं?"

मी म्हटलं, ती आधीच झिजलेली होती. ते खरंही होतं. किती उन्हाने गेलं, किती डब्यातल्या गरमीने, किती पुण्यातच वापरून संपलं होतं, हे कुणीच सांगू शकलं नसतं. पण तिने मान वळवून पुन्हा बाहेर बघायला सुरुवात केली, म्हणजे तिला माझ्या उत्तरातलं जे राहिलं होतं ते कळलं असावं.

आता इथे सांगायला हवं की त्या हिशेबाची एवढी गरज का होती. दुष्काळात संघाचंही कंबरडं मोडलं होतं. पावसाळ्यानंतर टँकरचे रस्ते कमी करायचे ठरलं होतं. ज्या संस्था आपल्या सभासदांनी बंद पडण्याआधीच्या दोन वर्षांत नियमित दूध घातल्याचं दाखवतील, तिथेच टँकर थांबणार, बाकीच्या जवळच्या संस्थेत जोडणार. आमच्या बायकांनी नियमित घातलं होतं. गावात ते सगळ्यांना माहीत होतं. तो दाखला तेवढा डिस्कवर होता आणि दुसरी नक्कल कुठे नव्हती. कागदावर लिहिणं कॉम्प्युटर आला तेव्हाच बंद झालं होतं. संघाच्या माणसांनीच सांगितलं होतं, आता लिहायची गरज नाही.

पावत्या होत्या. काकूने बायकांना निरोप धाडला. ज्या गावात होत्या त्या आल्या, छावणीवरच्या दुसऱ्या दिवशी आल्या. कुणी पावत्या बांगड्यांच्या डब्यात ठेवल्या होत्या, कुणी आरशामागे, कुणी देवाच्या तसबिरीखाली. ओट्यावर पसरून बसल्या. त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं गरमीने उडून गेली होती. काही पावत्या नुसत्या पांढऱ्या, काही काळ्याकरड्या. क्वचित एखाद्या कोपऱ्यात अर्धं नाव. बाया त्या उजेडाकडे धरून बघत होत्या, उलट्या करत होत्या. मग एक म्हातारी पावत्यांचा गठ्ठा खाली टाकून म्हणाली, "म्हंजे आमच्या म्हशीनं दोन वर्सं पाणीच दिलं म्हणायचं." सगळ्या हसल्या. काकूही हसली. हसणं थांबल्यावर एकेक करून त्या पावत्या गोळा करून निघाल्या. कोऱ्या असूनही कुणी टाकून दिल्या नाहीत.

संघाच्या शीतकरण केंद्रावर मी काकूबरोबर गेले. इंग्रजीत काही बोलायची वेळ आली तर, असं तिने म्हटलं, पण तशी वेळ आली नाही. तिथले साहेब सौजन्याने बोलले. बसायला खुर्च्या दिल्या. आमचं सगळं ऐकून घेऊन त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरवर आमच्या गावाचं नाव काढलं आणि पडदा आमच्याकडे वळवला. रोजचं एकूण दूध तिथे होतं. दोन्ही वर्षांचं. एकही दिवस गळाला नव्हता. काकू पुढे झुकून बघत राहिली.

"मग हाय की," ती म्हणाली.

साहेब म्हणाले, "बाई, दूध आलं हे मी नाकारतच नाही. कुणाचं आलं ते मला दाखवा."

काकूने नावं सांगायला सुरुवात केली. एकेक बाई, तिची म्हैस कोणती, गाय कोणती, कधी आटली, कधी व्याली, सकाळी किती घालायची, संध्याकाळी किती. साहेबांनी तिला थांबवलं नाही. बराच वेळ ऐकलं. मग म्हणाले की मला तुमच्यावर विश्वास आहे, पण माझ्या विश्वासावर टँकर जात नाही. संस्था नवीन म्हणून पुन्हा नोंदवा, पुढच्या सर्वसाधारण सभेनंतर बघू.

त्यांच्या मागे कोपऱ्यात एक काळी पेटी होती, तिच्यावर हिरवा दिवा लुकलुकत होता. खोलीत एसी चालू होता, बाहेर जनरेटर. आता सगळं थेट वर जातं, मुख्य कार्यालयात, ते सांगत होते. मी त्या दिव्याकडे बघत होते. हीच ती, कधी बंद न होणारी. मला वाटलं काहीतरी बोलावं. मी शिकलेली म्हणून तर काकूने आणलं होतं. पण डिस्कमधून वीज कशी झिरपते हे मला माहीत होतं, आणि त्या माहितीचा तिथे काहीच उपयोग नव्हता. मी खुर्चीवर बसून राहिले.

पाऊस उशिरा आला, पण आला. बियाण्याच्या डब्यातली बाजरी काकूने पेरली, आणि ती चांगली उगवली. छावणीवरून जनावरं परतली. दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा गावात पुन्हा दूध होतं. ते शेजारच्या गावच्या संस्थेत जात होतं. आमच्या बायकांना तिथलं सभासद करून घेतलं होतं.

एका सकाळी मी काकूबरोबर तिकडे गेले. चालत बरंच लांब पडतं. ती कॅन डोक्यावर घेऊन पुढे, मी किटली घेऊन मागे. तिथे पुरुषांची रांग होती. तिथला सचिव तिच्याहून लहान, पण मानाने वागणारा. "या सचिवबाई," तो म्हणाला, आणि त्यात टोमणा नव्हता. काकू मात्र रांगेत शेवटीच उभी राहिली.

त्याने कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आणि ओळखीची घरघर सुरू झाली. काकूने मान वर केली. सचिव ओशाळून म्हणाला, "जुनीच बसवलीय. नव्या डिस्कचा भाव आता लई वर गेलाय, परवडंना."

"उन्हाळ्यात कुठं ठेवता हे?" काकूने विचारलं.

"हितंच. कुठं न्यायचं?"

"बंद पडलं गाव, तर बी मधून मधून लावत जा."

तो हसला. "ही आवाजवाली हाय. हिला काय होत न्हाई."

काकूची पाळी आल्यावर तिने कॅन काट्यावर ठेवला. प्रिंटरमधून पावती आली. वर त्या गावच्या संस्थेचं नाव, खाली तिचं, आणि यादीतला अगदी शेवटचा नंबर. आमच्या संस्थेत तिचा पहिला होता. तिने सचिवाकडून पेन मागून घेतलं, पावती टेबलाच्या कडेवर ठेवली, आणि छापलेल्या प्रत्येक अक्षरावरून शाईने नीट गिरवलं. तिच्यामागे येऊन थांबलेले लोक खोळंबले होते. कुणी तिला घाई केली नाही.

रिकामा कॅन घेऊन आम्ही परत निघालो. आमच्या फाट्याजवळ आलो तेव्हा मागून टँकर आला. तोच ड्रायव्हर होता. काकूला कडेला पाहून त्याने सवयीने हॉर्न दिला, आणि काकूचा हात सवयीने वर गेला. टँकर वेग कमी न करता पुढे गेला. धूळ खाली बसेपर्यंत तिचा हात तसाच वर होता. मग तिने तो कपाळावरचा घाम पुसायला घेतल्यासारखा खाली आणला आणि म्हणाली, "चल, धारा काढायच्या राहिल्यात त्या दुसऱ्या म्हशीच्या."